मुरदोलीच्या जंगलातून गाडी हळू न्या

२०२३ च्या ऑगस्टमध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, मुरदोलीच्या जंगलात, रात्रीच्या वेळी एका कारने वाघाला धडक दिली. वाघ जेमतेम दोन वर्षांचा, टी-१४ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाघिणीचा नर बछडा. जबर मार लागलेला तो जीव अंग ओढत, धडपडत रस्त्याच्या कडेला जातोय, असा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राच्या मोबाइलवर फिरला. उपचारासाठी नागपूरला गोरेवाड्याकडे नेत असताना वाटेतच तो गेला.

त्याच वर्षी मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी आणून इथल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सोडल्या होत्या. इथले वाघ वाढावेत म्हणून केवढा खटाटोप! वाघीण शोधायची, तिला भूल द्यायची, कॉलर लावायची, पिंजऱ्यातून इथवर आणायची, सोडल्यावर पुन्हा दिवसरात्र तिच्या मागावर माणसं ठेवायची. आणि तीन महिने होत नाहीत तोच इथल्याच वाघिणीचा, हाताशी आलेला तरणा नर गाडीखाली सापडला. आपण हळहळलो, व्हिडिओ चार जणांना पाठवला. पुढच्या आठवड्यात त्याच रस्त्यावरून गाड्या पुन्हा तितक्याच वेगाने पळू लागल्या.

मला राग येतो तो या विसरण्याचा. वणवा लागला तर आपण धावतो, शिकारी सापडला तर मोर्चा काढतो, पण गाडीखाली वाघ गेला की ‘अपघात होता’ म्हणून हात झटकतो. अपघात अचानक होतो हे खरं. पण तो कुठे होणार, कोणत्या वेळी होणार आणि कशामुळे होणार, हे या भागातल्या कुठल्याही ट्रकचालकाला, एसटीच्या ड्रायव्हरला विचारा. तो बोट ठेवून सांगेल. ज्या गोष्टीचा ठावठिकाणा आधीच माहीत आहे ती टाळता येते. टाळली नाही, तर तो दोष आपल्या पदरात पडतो.

जनावरं रस्त्यावर ‘येतात’ असं आपण म्हणतो. नकाशा पाहिला तर उलटं दिसतं. नागझिरा उत्तरेला, नवेगाव दक्षिणेला, आणि दोहोंच्या मधून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. कोहमाऱ्याला त्याला गोंदियाहून येणारा रस्ता मिळतो. म्हणजे एकाच व्याघ्र प्रकल्पाचे दोन तुकडे आणि मध्ये ट्रकांची रांग. भंडारा-गोंदिया हे तलावांचे जिल्हे. उन्हाळ्यात नाले आटले की जनावर पाण्यासाठी तलावावर, शेतातल्या बोडीवर जातं, आणि बोडी बहुतेक वेळा रस्त्याच्या पलीकडे असते. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटे मोहफुलं वेचायला माणसं जातात आणि त्यांच्याही आधी अस्वल जाऊन आलेलं असतं. पहिल्या पावसानंतर साइडपट्टीवर कोवळं गवत येतं, चितळांचा कळप तिथं उतरतो, आणि चितळांच्या मागे कोण येतं हे सांगायला नको. धान निसवलं की रानडुकरं बांधावर. वर्षाचा एकही महिना असा नाही की जंगलातल्या जिवाला रस्ता ओलांडावा लागत नाही.

वाघाचं तर आयुष्यच ओलांडण्यावर उभं आहे. दोनेक वर्षांचा नर आईपासून सुटतो आणि स्वतःचा मुलूख शोधायला निघतो. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरमधून निघालेल्या एका कॉलर लावलेल्या तरुण वाघाने महाराष्ट्र आणि तेलंगणातून मिळून तीन हजार किलोमीटरहून जास्त भटकंती केली. आपल्या नागझिऱ्याचा ‘जय’ तर सगळ्यांच्या ओळखीचा. २०१३ मध्ये तो इथून निघाला, महामार्ग ओलांडला, वैनगंगा ओलांडली, शेतं आणि गावं टाळत उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला. ते अभयारण्य तेव्हा नव्यानेच जाहीर झालेलं होतं. एका जयने ते भरून टाकलं. त्याची पिलं झाली, पर्यटक आले, गावातल्या पोरांना जिप्सीवर आणि गाइड म्हणून काम मिळालं. २०१६ च्या एप्रिलनंतर जय दिसला नाही, पण तोवर त्याचं काम होऊन गेलं होतं. आता उलटा विचार करा. महामार्ग ओलांडायच्या त्या एका रात्री एखादा कंटेनर जरा जोरात आला असता तर?

बाजीरावच्या बाबतीत तेच झालं. बोर व्याघ्र प्रकल्पातला हा दांडगा नर २०१७ च्या डिसेंबरअखेर नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. बोर हा देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तिथला एक जाणता नर जाणं म्हणजे घरातला कर्ता जाणं. मुंबईकडच्या वाचकांना आजोबा आठवत असेल. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला, कॉलर लावून माळशेज घाटात सोडलेला तो बिबट चालत चालत थेट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. सुमारे १२० किलोमीटर. वाटेत त्याने कुणा माणसाला इजा केली नाही. त्याच्यावर पुढे मराठी चित्रपटही निघाला. तोच आजोबा २०११ च्या डिसेंबरमध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीखाली गेला. माणसांच्या एवढ्या गर्दीतून जो सुखरूप निघाला, त्याला रस्त्याने गिळलं.

आता गाडी चालवणाऱ्याच्या बाजूने पाहू, कारण स्टिअरिंग तुमच्या-माझ्या हातात आहे.

गाडी ताशी ८० च्या वेगात असेल तर ती सेकंदाला २२ मीटर जाते. समोर काही दिसलं, ते काय आहे हे कळलं, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरावर थांबायला आणखी ३५ मीटरच्या आसपास. एकूण ७० मीटर. आणि डिपरवर दिव्याचा नीट उजेड पडतो तो साधारण ४० ते ५० मीटर. हिशोब उघड आहे. डिपरवर ८० ने जाणारा माणूस जे दिसतं त्याच्याही पलीकडे गाडी नेत असतो. त्याला जनावर दिसतं तेव्हा थांबायची वेळ निघून गेलेली असते. हीच गाडी ताशी ४० ने असती, तर २५ मीटरमध्ये उभी राहिली असती. पावसात, घासलेल्या टायरवर, माल भरलेल्या ट्रकला हे अंतर आणखी वाढतं.

आणि ४० ने गेलं तर आपलं नुकसान किती? दहा किलोमीटरचा जंगलपट्टा ८० ने साडेसात मिनिटांत संपतो, ४० ने पंधरा मिनिटांत. साडेसात मिनिटं. कोहमाऱ्याच्या नाक्यावर चहाला थांबलो तर याहून जास्त वेळ जातो.

अंधारात काय दिसतं, हेही नीट माहीत हवं. चितळ, सांबर, बिबट, वाघ यांचे डोळे दिव्यात चमकतात, कारण त्यांच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला उजेड परतवणारा पडदा असतो. म्हणून रात्री जंगलातून जाणाऱ्याची नजर डोळे शोधत असते. पण रानडुकराच्या डोळ्यात तो पडदा नाही. त्याचे डोळे चमकत नाहीत, अंग मातकट काळं, उंची बंपरएवढी. ते गाडीसमोर येतं तेव्हा अंधाराचाच एक तुकडा हललाय असं वाटतं. गव्याचं तसंच. एवढं मोठं धूड, पण काळ्या अंगावर पडलेला उजेड परत येत नाही, दिसतात ते फक्त गुडघ्याखालचे पांढरे मोजे. रोह्याचा, म्हणजे नीलगायीचा, नर दोनशे किलोच्या वर जातो आणि त्याचे पाय लांब असतात. बंपर पायांना लागतो आणि अख्खं धड बॉनेटवरून काचेवर येतं. इथं मरणारा नेहमी रोहीच असतो असं नाही.

म्हणून जंगलात शिरताना पाटी दिसली की गाडीचा वेग तिथंच उतरवा, वळण येईपर्यंत थांबू नका. समोरून गाडी नसेल तेव्हा अप्पर ठेवा, आणि नजर रस्त्याच्या दोन्ही कडांवर फिरती ठेवा. शेजारी बसलेल्याला डावी बाजू वाटून द्या. संध्याकाळची दिवेलागण आणि पहाट या दोन वेळा सगळ्यात नाजूक, त्या वेळी गाणी बंद करून चालवलेलं बरं. जनावर दिसलं की अप्पर खाली आणा, कारण डोळ्यांवर प्रखर उजेड पडला की ते जागच्या जागी खिळून उभं राहतं आणि पळावं कुठे हे त्याला सुचत नाही. चारही इंडिकेटर लावा म्हणजे मागचा सावध होईल. अंतर ठेवून थांबा. एक चितळ गेलं म्हणून लगेच निघू नका. मागे कळप असतो, वाघिणीच्या मागे बछडे असतात, अस्वलाच्या मागे पिल्लू असतं, आणि बहुतेक धडका या दुसऱ्या-तिसऱ्यालाच बसतात.

एक गोष्ट मन घट्ट करून सांगतो. जनावर अगदीच समोर आलं आणि धडक टळत नाही असं दिसलं, तर ब्रेक पूर्ण दाबा, पण स्टिअरिंग वळवू नका. वाचवण्याच्या नादात गाडी झटक्यात वळवणारे समोरच्या ट्रकवर जातात, सागाच्या झाडावर जातात, पुलावरून खाली जातात. प्राण्यावर माया करणाऱ्यांनीच हे ध्यानात ठेवावं. गाडी आपल्या पट्ट्यात सरळ राहिली आणि वेग उतरला, तर दोघांच्याही वाचण्याची शक्यता वाढते.

मोटारसायकलवाल्यांबद्दल मला जास्त काळजी वाटते. कारला निदान पत्रा असतो. कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या अंगाला, राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड, आंबोली या पट्ट्यात गव्यांचे कळप रोज रात्री रस्ता ओलांडतात. पूर्ण वाढलेला गवा हजार किलोपर्यंत भरतो. त्याच्यावर दुचाकी आदळली तर काय उरतं, हे त्या भागातल्या घरांना माहीत आहे. दुचाकी घेऊन रात्री घाटात जायचंच असेल तर एकट्याने नको, हेल्मेटचा पट्टा लावूनच, आणि एखाद्या मोठ्या गाडीच्या मागे चांगलं अंतर ठेवून. गवे रस्त्यावर उभे असतील तर हॉर्न वाजवून त्यांना हुसकावू नका. थांबा, इंजिन चालू ठेवा, मागे सरकायला जागा ठेवा. ते जातात.

धडक बसली तर पुढे काय? इथं आपण सगळ्यात जास्त चुकतो.

पहिली चूक पळून जाण्याची. भीती खरी आहे, ‘वाघ मारला’ म्हणून गुन्हा होईल या धास्तीने माणूस घाबरतो. पण तुटलेला बंपर, काचेचे तुकडे, टोलनाक्यावरचा कॅमेरा, सगळं मागे बोलत राहतं. जागेवर थांबून केलेला एक फोन तुमच्या बाजूने उभा राहतो, आणि त्या फोनवर जनावराचा जीवही अवलंबून असतो. गाडी हलत असेल तर कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा. गाडीतल्या माणसांना लागलं असेल तर आधी १०८ किंवा ११२. मग वनविभागाची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइन, १९२६. ती चोवीस तास चालू असते आणि फोनला पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. जागा सांगताना ‘जंगलात’ असं सांगू नका. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, मागचं गाव, पुढचं गाव, आणि जनावर कोणत्या बाजूला गेलं ते सांगा. जखमी बिबट शेतात शिरला असेल तर या एका माहितीवर सकाळी ऊस तोडायला जाणाऱ्या बाया-माणसांचा जीव वाचतो.

दुसरी चूक गाडीतून उतरण्याची. निपचित पडलेला बिबट मेलेला असतोच असं नाही. बधिर झालेलं जनावर क्षणात उठतं आणि वेदनेने समोर येईल त्याला धरतं. त्याला पाणी पाजू नका, अंगावर कापड टाकू नका, काठीने डिवचून पाहू नका. २०२२ च्या जूनमध्ये पुणे-नाशिक महामार्गावर एक बिबट कारच्या बंपरमध्ये अडकला होता. त्याचा व्हिडिओ पाहिलेल्यांना आठवेल, गाडी मागे घेतल्यावर तो सुटला आणि जखमी अवस्थेतच पळून गेला. तिथं कुणी ओढून काढायला हात घातला असता तर दुसरी रुग्णवाहिका बोलवावी लागली असती.

तिसरी चूक गर्दीची, आणि माझ्या मते ती सगळ्यात क्रूर. ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडमध्ये एक गवा शिरला. त्याने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. तासन् तास लोक त्याच्या मागे धावले, ओरडले, मोबाइल धरून धावले. बिथरलेला, दमलेला तो गवा त्याच दिवशी मेला. रस्त्यावर जखमी जनावर पडलं की हेच होतं. चार गाड्यांच्या चाळीस होतात, दिव्यांचा वेढा पडतो, सेल्फी निघतात. धडकेतून वाचला असता असा जीव घाबरून मरतो. तुम्ही थांबलात तर इतरांना पुढे काढा. वनविभागाची गाडी येईपर्यंत रस्ता मोकळा ठेवणारा एक शहाणा माणूस तिथं असेल तर तो पशुवैद्याइतकाच मोलाचा आहे.

जनावर मेलं असेल तर त्याला हात लावू नका, पण ते रस्त्यात पडलंय हे कळवल्याशिवायही जाऊ नका. मेलेल्या चितळावर रात्री तरस येतं, कोल्हा येतो, आणि खाण्यात गुंतलेला तोही पुढच्या गाडीखाली जातो. एका मढ्यामागे दुसरं. आणि ज्यांना मेलेलं रानडुक्कर किंवा सांबर ‘असंच फुकट जातंय’ असं वाटतं, त्यांच्यासाठी सांगतो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असं जनावर मेलेलं असलं तरी सरकारची मालमत्ता असतं. मटण नेणं हा गुन्हा आहे, नखं-मिशा नेणं तर मोठाच गुन्हा. गाडीच्या नुकसानीचं म्हणाल तर सर्वसमावेशक विम्यात ते मिळू शकतं, फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर मिळत नाही. दाव्यासाठी पंचनामा लागतो. तोही पळून गेलेल्याला मिळत नाही.

रस्त्याच्या कडेला आपण जे टाकतो त्याचाही इथं हिशोब द्यावा लागेल. चिकनच्या दुकानांतली आतडी-पिसं जंगलाच्या तोंडाशी आणून टाकली जातात. ढाब्यामागे खरकट्याचा ढीग असतो. मेलेलं ढोर ओढून साइडपट्टीच्या खाली टाकलेलं असतं. त्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांसाठी बिबट येतो, खरकट्यासाठी डुक्कर येतं. म्हणजे जनावराला रस्त्यावर येण्याचं आमंत्रण आपणच देतो आणि मग ते आलं म्हणून तक्रार करतो. घाटात माकडांना शेंगदाणे-केळी टाकणाऱ्यांनीही हे पुण्य थांबवावं. त्या एका केळ्यासाठी पिल्लू पोटाशी धरलेली माकडीण गाडीच्या चाकापुढे येते.

‘मग रस्तेच नकोत का?’ असं विचारणारे भेटतात. रस्ते हवेत. रात्री बाळंतीण गोंदियाला पोचली पाहिजे, धान बाजारात गेलं पाहिजे, पोरं कॉलेजात गेली पाहिजेत. माझी मागणी एवढीच आहे की जंगलातला रस्ता जंगलातल्यासारखा बांधावा. आणि तो बांधता येतो, हे याच विदर्भाने देशाला दाखवलं आहे.

पेंचमधून जाणारा नागपूर-जबलपूर महामार्ग चौपदरी करायचा ठरला तेव्हा वन्यजीवप्रेमींनी वर्षानुवर्षं भांडण केलं. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. भारतीय वन्यजीव संस्थेने कुठे, किती लांबीचे, किती उंचीचे मार्ग हवेत ते सांगितलं. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी नऊ ठिकाणी रस्ताच वर उचलला गेला. त्यातला सगळ्यात लांब मार्ग ७५० मीटरचा आहे. वरून ट्रक धडधडत जातात आणि खाली माती, गवत, झुडपं तशीच. मग संस्थेने तिथं कॅमेरे लावले. २०१९ च्या मार्च ते डिसेंबर या काळात त्या कॅमेऱ्यांत १८ जातींच्या वन्यप्राण्यांची ५,४५० छायाचित्रं आली. ११ वेगवेगळे वाघ मिळून ८९ वेळा त्या पुलांखालून गेले. हे आकडे वाचताना माझा ऊर भरून येतो, खोटं कशाला सांगू. ८९ वेळा वाघाने रस्ता ओलांडला आणि वर जाणाऱ्या एकाही चालकाला ब्रेक दाबावा लागला नाही.

जे तिथं झालं ते आपोआप झालं नाही, आणि कुणी दयेपोटीही दिलं नाही. लोक मागे लागले म्हणून झालं. ‘जनावरं पुलाखालून जातील कशाला?’ म्हणणारे तेव्हाही होते. त्यांना वाघांनीच उत्तर दिलं.

प्रत्येक रस्त्यावर असे पूल उद्याच होणार नाहीत, हे मला समजतं. तोवरचे उपाय स्वस्त आहेत. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. अत्यावश्यक वाहनं आणि मोजक्या बसेस तेवढ्या सोडतात. केरळकडचा व्यापार, प्रवास, सणवार सगळं त्या वेळापत्रकाभोवती बसलं, आणि जग काही बुडालं नाही. आपल्याकडे निदान मधल्या वाटेने तरी सुरुवात व्हावी. जंगलपट्ट्यात ताशी ४० ची मर्यादा, ती पाळली जाते का हे पाहणारा कॅमेरा, आणि रात्रीच्या अवजड वाहतुकीला दुसरा रस्ता असेल तिथं तो दाखवणं. रंबलर असे हवेत की गाडी आपसूक मंद होईल. कडेचं गवत आणि रानतुळशीचं रान पावसाळ्यानंतर वाहनचालकाला दिसेल इतकं कापलेलं हवं. दुभाजकाची सलग सिमेंटची भिंत जंगलात नको. अर्धा रस्ता पार केलेलं पिल्लू तिथं अडकतं आणि दोन्हीकडून गाड्या येतात. आणि रस्त्याखालच्या मोऱ्या, ज्या कितीतरी ठिकाणी आधीपासूनच आहेत, त्यातला गाळ, बाभळीच्या काट्या आणि राडारोडा काढला तरी साळिंदर, कोल्हा, रानमांजर यांना वाट मोकळी होते. या सगळ्याची तत्त्वं भारतीय वन्यजीव संस्थेने २०१६ मध्येच लिहून ठेवली आहेत. अभ्यास झाला आहे. अंमलबजावणी राहिली आहे.

रेल्वेकडेही हेच मागणं आहे. बल्लारशा-गोंदिया मार्गावर २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात वाघाचे तीन बछडे एकाच गाडीखाली गेले. तीन.

२०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. २००६ मध्ये हा आकडा १०३ होता. इतक्या वर्षांत कमावलेलं हे धन आहे. त्यात पुनर्वसन होऊन गेलेल्या गावांचा त्याग आहे, काठी घेऊन रात्री गस्त घालणाऱ्या वनरक्षकांचं आयुष्य आहे, वाघाने गुरं मारूनही धीर धरणाऱ्या शेतकऱ्याचं मोठं मन आहे. वाघ वाढले तर तरणे वाघ बाहेर पडणारच, आणि बाहेर पडले की पहिली गाठ रस्त्याशीच पडणार. म्हणजे पुढची दहा वर्षं ही परीक्षा आणखी अवघड होत जाणार आहे.

म्हणून ज्याच्या हातात जे आहे ते त्याने करावं. ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्यांनो, नवशिक्याला घाट शिकवता तसं जंगल शिकवा. ट्रॅव्हल्सच्या मालकांनो, चालकाला वेळेत पोचायचा जो तगादा लावता त्यात जंगलपट्ट्याची पंधरा-वीस मिनिटं जास्तीची धरा. उशिरा पोचला म्हणून त्याचे पैसे कापू नका. लग्नसराईत रात्री उशिरा वऱ्हाडाच्या गाड्या परततात, त्यातल्या वडीलधाऱ्यांनी पुढच्या सीटवर जागं बसावं आणि चालकाला टोकावं. ढाबेवाल्या दादांनो, खरकटं खड्ड्यात पुरा, आणि काउंटरमागे १९२६ मोठ्या अक्षरांत लिहून लावा. रात्री जनावर दिसलं की बहुतेक चालक पहिली बातमी तुम्हालाच येऊन सांगतात. शिक्षकांनो, पोरांकडून गावाजवळच्या ओलांडण्याच्या जागांचा नकाशा काढून घ्या, त्यांना त्या जागा आपल्याहून जास्त ठाऊक असतात. पत्रकार मित्रांनो, वाघ मेल्यावर पहिल्या पानावर बातमी देता, तशी सहा महिन्यांनी त्या जागेवर काय बदललं याचीही द्या.

आणि जंगलालगतच्या गावकऱ्यांनो, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी ग्रामसभा होते. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, सही-शिक्क्यासह घ्या: आमच्या हद्दीतल्या जंगलपट्ट्यात वेगमर्यादा ताशी ४० करावी, पाट्या आणि रंबलर लावावेत, कडेचं गवत दरवर्षी कापावं, मोऱ्या साफ ठेवाव्यात, आणि जिथं जनावर कायम ओलांडतं तिथं भुयारी मार्गाची पाहणी करावी. त्याची एक प्रत सार्वजनिक बांधकाम विभागाला, एक उपवनसंरक्षकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या, आणि महिन्याभरात उत्तर आलं नाही तर पुन्हा जाऊन विचारा. तुम्ही शहरात राहत असाल तर १९२६ हा क्रमांक आत्ता, हे पान उलटायच्या आधी, मोबाइलमध्ये घ्या. आणि पुढच्या वेळी कोहमाऱ्याकडून गोंदियाला निघालात की मुरदोलीचं जंगल लागताच काटा ४० वर आणा.